समुद्राला मिळालेले पाणी वाया जाते काय?



शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत एक वाक्य हमखास ऐकू येते. टँकरभोवती हंडे-कळशांची रांग लागलेली असते आणि रांगेतले कोणीतरी म्हणते, "एवढा धो धो पाऊस पडतो आपल्याकडे, पण सगळे पाणी समुद्राला जाऊन वाया जाते!" ऐकणारे माना डोलवतात. तुम्हीही हे वाक्य ऐकले असेल. कदाचित 'पाणी हेच जीवन' या निबंधात लिहिलेही असेल.

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. वाक्य कितीही ओळखीचे असले तरी ते एकदा तपासून घ्यावे, अशी आमच्या विषयाची शिकवण आहे. या वाक्याचे दोन भाग करून पाहू. उन्हाळ्यात आपल्या गावांना पाणी पुरत नाही, हा पहिला भाग. तो खरा आहे, आणि त्यात पुष्कळ कष्ट आहेत. समुद्राला जाणारे पाणी वाया जाते, हा दुसरा भाग. तो मात्र मला मान्य नाही. इतकेच नव्हे, तर या समजुतीमुळे समुद्रकाठच्या माणसांचे नुकसान होते आणि फिरून ते आपल्याही दाराशी येते, असे माझे मत आहे. ते का, हे पुढे सांगतो. पटते की नाही, ते तुम्ही ठरवायचे.

पाण्याबरोबर खाली उतरू

प्रथम जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या. माळशेज घाटाच्या परिसरात पडलेला पाऊस काळू नदीतून मुरबाड तालुका ओलांडून पश्चिमेला निघतो. कसाऱ्याच्या बाजूच्या डोंगरांतला पाऊस भातसा नदीतून शहापूर तालुक्यातून खाली येतो. भातसा पुढे काळूला मिळते आणि काळू कल्याणच्या बाजूला उल्हास नदीला मिळते. उल्हास नदीच्या एकूण पाणलोट क्षेत्रापैकी निम्म्याहून अधिक भाग एकट्या या दोन उपनद्यांचा आहे. म्हणजे नाव उल्हासचे, पण पाणी बरेचसे आपल्याकडचे! ठाण्याजवळ उल्हासला दोन वाटा फुटतात. मोठी वाट वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला जाते. दुसरी, चिंचोळी वाट दक्षिणेकडे वळून ठाण्याच्या खाडीला मिळते.

समुद्राची भरती याच वाटेने उलट वर चढते, ती कल्याणच्या आसपासपर्यंत. कल्याण समुद्रापासून इतके आत असूनही प्राचीन काळी नावाजलेले बंदर होते, ते यामुळेच. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाणे जिल्ह्याचा मोठा किनारा त्याच्याकडे गेला. तेव्हापासून "आपल्या जिल्ह्याला आता समुद्र कुठे उरला?" असे काही जण विचारतात. उत्तनचा किनारा आणि खाडीकाठचे कोळीवाडे आजही ठाणे जिल्ह्यात आहेत. डोंगरात राहणारे महादेव कोळी आणि किनाऱ्यावरचे सोनकोळी हे दोन निराळे समाज आहेत. पण दोघांच्या मधून वाहणारी नदी एकच आहे. ती वर कशी वागवली जाते, यावर खालच्याची मासळी अवलंबून असते. कशी, ते आता पाहू.

दोन बाटल्यांतली खाडी

एका काचेच्या ग्लासात निम्म्यापर्यंत पाणी घ्या, त्यात दोन चमचे मीठ विरघळवा आणि शाईचे दोन थेंब टाका. आता दुसऱ्या भांड्यातले साधे पाणी ग्लासच्या कडेने, चमच्याच्या पाठीवरून, अगदी सावकाश ओता. साधे पाणी वर तरंगत राहील आणि निळे खारे पाणी खाली राहील. कारण उघड आहे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्या पाण्याचे वजन सुमारे १०२५ ग्रॅम भरते. गोडे पाणी त्याहून हलके. खाडीतही गोडे पाणी वरून समुद्राकडे जाते आणि खारे पाणी खालून आत सरकते. भरती-ओहोटी हे दोन्ही थर सतत ढवळत असते. या ढवळण्यातून जे निमखारे पाणी तयार होते, ते ना नदीचे असते ना समुद्राचे.

आता दुसरा प्रयोग. दोन सारख्या बाटल्यांत शेतातली माती मिसळलेले गढूळ पाणी भरा. एका बाटलीत मूठभर मीठ टाका. दोन्ही बाटल्या हलवून शेजारी शेजारी ठेवा आणि काही तासांनी पाहा. मिठाच्या बाटलीतला गाळ लवकर खाली बसलेला दिसेल. चिकणमातीच्या सूक्ष्म कणांवर ऋण विद्युत्भार असतो. सारख्या भाराचे कण एकमेकांना दूर ढकलतात, म्हणून ते गोड्या पाण्यात तरंगत राहतात. मिठातले धन भाराचे आयन आले की हे ढकलणे कमी पडते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. नदीने शंभर किलोमीटरवरून आणलेली माती नेमकी खाडीच्या मुखापाशी का बसते, याचे उत्तर तुमच्या बाटलीत आहे.

या गाळावर तिवरांची वने उभी राहतात. गाळाबरोबर नत्र, स्फुरद आणि सिलिका ही द्रव्ये येतात. सिलिकावर डायटम नावाची सूक्ष्म शैवले वाढतात, त्यांच्यावर सूक्ष्म प्राणी, त्यांच्यावर लहान मासे आणि लहानांवर मोठे. कोळंबीच्या बऱ्याच जाती समुद्रात अंडी घालतात. पण पिल्ले वाढतात ती खाडीच्या निमखाऱ्या, उथळ, तिवरांनी झाकलेल्या पाण्यात. उलट, गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी नदीत राहते आणि अंडी उबवायला निमखाऱ्या पाण्याकडे उतरते. अहिर नावाचा सापासारखा लांब मासा तर जन्मतो खोल समुद्रात आणि वाढायला नदीत चढून येतो. पहिल्या पावसात ओढ्यात चढणारे वळगणीचे मासे तुम्ही पाहिले असतील. तशीच चढउतार, पण फार मोठ्या अंतराची, नदी आणि समुद्र यांच्यामध्ये चालू असते.

तेव्हा नदीचे गोडे पाणी समुद्राला मिळणे म्हणजे एका मोठ्या शेताला खत आणि पाणी मिळणे होय. आपल्या भाताच्या खाचरात ओहोळाचे पाणी शिरले, तर ते वाया गेले असे आपण म्हणतो काय?

हे पाणी अडवल्यावर काय होते, याचा धडा जगाने इजिप्तमध्ये घेतला आहे. नाईल नदीवरच्या आस्वानच्या मोठ्या धरणात १९६४ पासून पाणी साठू लागले आणि दर वर्षी समुद्रात जाणारा नाईलचा पूर थांबला. या पुराच्या जिवावर तेथील किनाऱ्यावर तारलीच्या जातीची मासळी विपुल मिळे. १९६२ साली ती सुमारे १८,००० टन मिळाली होती. १९६८ व १९६९ साली ती पाचशे-सहाशे टनांवर आली. धरणाने इजिप्तला वीज दिली, शेतीला पाणी दिले, हेही खरेच. पण त्याची किंमत किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी मोजली. पुढे काही वर्षांनी मासळी पुन्हा वाढली. शास्त्रज्ञांच्या मते त्याचे एक मोठे कारण म्हणजे शेतांतली खते आणि शहरांचे सांडपाणी हेच समुद्रात जाऊ लागले होते. निसर्गाचे खत गेले आणि माणसाचे आले. त्याबरोबर काय काय आले, हे निराळे सांगायला नको.

समुद्र बदलतो आहे

किनाऱ्यावरच्या माणसांना आज आणखी एका बदलाला तोंड द्यावे लागत आहे. हवेत कर्बद्विप्राणिल वायू वाढल्यामुळे पृथ्वीवर जी जादा उष्णता साचते, तिच्यातला ९० टक्क्यांहून अधिक भाग समुद्र शोषून घेतो. पाण्याची विशिष्ट उष्णता मोठी असते, हे तुम्ही शाळेत शिकता. तिचा अर्थ किती मोठा आहे पाहा. समुद्राचा वरचा केवळ तीन मीटरांचा थर एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सारे वातावरण एक अंशाने तापू शकेल. समुद्र ही उष्णतेची पेढी आहे. तेथे ठेवलेली ठेव फार वर्षांनी, पण व्याजासह परत मिळते.

ते व्याज अनेक रूपांत मिळते. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि जमिनीवरचा बर्फही वितळतो, त्यामुळे समुद्राची पातळी चढते. मुंबईला अपोलो बंदरावर १८७८ पासून समुद्राच्या पातळीची नोंद होत आली आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील उन्नीकृष्णन आणि शंकर या शास्त्रज्ञांनी अशा जुन्या नोंदी तपासून २००७ मध्ये दाखवले की, विसाव्या शतकात उत्तर हिंदी महासागराच्या किनाऱ्यांवर पातळी दर वर्षी सरासरी सुमारे १.३ मिलिमीटरने चढत होती. १९९३ पासून उपग्रह साऱ्या जगाच्या समुद्राची पातळी मोजतात. त्यांच्या मोजणीत हा वेग वर्षाला ३ मिलिमीटरपेक्षा अधिक भरतो. तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याची निम्मी लांबी. पण उधाणाच्या भरतीला, वादळाच्या रात्री, ही वर्षानुवर्षांची बेरीज कोळ्याच्या अंगणात शिरते.

वादळेही बदलली आहेत. पुण्याच्या भारतीय उष्णप्रदेशीय हवामानविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २००० आणि २००१ ते २०१९ या दोन काळांची तुलना केली, तेव्हा अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या दुसऱ्या काळात ५२ टक्क्यांनी वाढलेली आढळली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात 'तौक्ते' आपल्या किनाऱ्याजवळून उत्तरेला गेले.

आणि हे सारे किनाऱ्यापुरते राहत नाही. हवा एका अंशाने तापली की तिच्यात सुमारे ७ टक्के अधिक वाफ मावते. माळशेजवर जो ढग अडतो, त्यातली वाफ बहुतांशी अरबी समुद्रावरून आलेली असते. पुण्याच्या त्याच संस्थेतल्या रॉक्सी कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले, आणि त्यामागे अरबी समुद्रावरून येणाऱ्या बाष्पाचा वाटा आहे. तुमच्या शेतातला भात कापणीच्या तोंडावर आडवा होतो, तेव्हा दोष फक्त ढगाला देऊ नका. आपण नदीवाटे समुद्राला देतो आणि समुद्र ढगावाटे आपल्याला देतो. हा व्यवहार फार जुना आहे. 'वाया गेले' हा शब्द त्यात बसतच नाही.

उपग्रहाला न दिसणारी खाडी

समुद्राचे संशोधन किनाऱ्यावरच्या माणसांच्या उपयोगी पडते काय? नक्कीच पडते. 'निसर्ग' वादळाची सूचना आधी मिळाल्यामुळे नौका परत बोलावता आल्या आणि किनाऱ्यावरची माणसे सुरक्षित जागी हलवता आली. हैदराबादला १९९९ साली स्थापन झालेले एक राष्ट्रीय केंद्र महासागराची माहिती गोळा करते. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाचे तपमान आणि पाण्याचा रंग टिपतात. थंड आणि उबदार पाणी जेथे भेटते, तेथे प्लवक वाढते आणि मासे गोळा होतात. त्या जागा हे केंद्र मच्छीमारांना कळवते आणि तेही मराठीसारख्या त्यांच्या भाषांत. मासळी शोधत फिरण्यात जाणारे डिझेल त्यामुळे वाचते. केंद्रीय समुद्री मत्स्यसंशोधन संस्थेने माशांच्या वाढीचा अभ्यास केला, त्याच्या आधारावर महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरवून दिली. रुपेरी पापलेट १३५ मिलिमीटरपेक्षा लहान असेल तर ते पकडायचे नाही, कारण त्याला अजून पिल्ले व्हायची आहेत. आता बाजारात जाल तेव्हा खिशात साडेतेरा सेंटिमीटरची पट्टी असू द्या!

परंतु येथे मला एक उणीव दिसते. उपग्रहाची नजर किलोमीटरच्या हिशेबाने चालते, आणि पावसाळ्यात ढगांमुळे तीही झाकते. मोठ्या नौकेच्या मालकाला तिचा उपयोग होतो. खाडीत छोट्या होडीतून जाळे टाकणाऱ्या कोळ्याला ती काय सांगणार? त्याची अडचण दूरच्या समुद्रात नाही. ती त्याच्या होडीखालच्या पाण्यात आहे. ते पाणी किती खारे, किती गढूळ, त्यात प्राणवायू किती, हे वरच्या नदीवर ठरते.

ठाण्याच्या खाडीचेच पाहा. ठाण्याच्या बांदोडकर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागाने या खाडीचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. खाडीत घाण वाढली, मासळीच्या जाती घटल्या आणि खाडी उथळ होत चालली, हे अशा अभ्यासांतून पुढे आले. ऐरोलीच्या बाजूला रोहित पक्ष्यांचे थवे येतात, २०१५ मध्ये तेथे अभयारण्य झाले आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर पाणथळीचा आंतरराष्ट्रीय दर्जाही मिळाला. ही आनंदाची गोष्ट आहे. पण पक्षी आले म्हणजे कोळ्याचे जाळे भरले, असा अर्थ होत नाही.

आता चाणाक्ष विद्यार्थी मला पकडेल. "सर, मघाशी तुम्ही गाळ चांगला म्हणालात, आणि आता खाडी गाळाने उथळ झाली म्हणता!" प्रश्न अगदी योग्य आहे. गाळ जेथे आणि जेव्हा यायला हवा तेथे आला, तर तिवरांना आधार देतो. चढत्या समुद्राबरोबर जमिनीलाही थोडे थोडे वर चढवतो. पण भराव, राडारोडा आणि कचरा यांनी कडा आवळल्या आणि पात्र धुऊन काढणारा जोराचा प्रवाह कमी पडला, तर तोच गाळ खाडीचा गळा दाबतो. नाईलच्या मुखापाशी गाळ कमी पडला, ठाण्याच्या खाडीत तो तुंबला. एका ठिकाणचे उत्तर दुसरीकडे उचलून चालत नाही. म्हणून मोजावे लागते. आणि खाडीचे मोजमाप खाडीपासून सुरू करणे म्हणजे गोष्टीचे शेवटचे पान आधी वाचण्यासारखे आहे. ते कसाऱ्यापासून आणि माळशेजपासून सुरू झाले पाहिजे.

मग आपली तहान?

इतके वाचून तुमच्यातला एखादा रागावेल, आणि त्याचा राग रास्त आहे. "आमच्या पाड्यावर आई दोन डोंगर ओलांडून पाणी आणते, आणि तुम्ही आम्हाला खाडीतल्या कोळंबीची काळजी करायला सांगता?"

या प्रश्नाला टाळून पुढे जाता येणार नाही. मुंबईच्या पाण्यासाठी शहापूर तालुक्यात तानसाचे धरण १८९२ मध्येच झाले. पुढे मोडकसागर आले, भातसा आले. मुंबईला रोज जे ४०० कोटी लिटरांच्या आसपास पाणी मिळते, त्यातले जवळपास निम्मे एकट्या भातसाचे असते. धरणाच्या परिसरातल्या कितीतरी गावपाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा अन्याय आहे, आणि तसे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

पण हा अन्याय समुद्राने केलेला नाही. नीट विचार करा. भातसाचे पाणी पिसे येथे उचलले जाते, पांजरापूरला शुद्ध होते आणि नळांतून मुंबईला जाते. पुढे त्याचे काय होते? न्हाणीघरांतून, मोऱ्यांतून, गटारांतून ते शेवटी कोठे जाते? समुद्रालाच! म्हणजे पाणी समुद्राला जायचे थांबलेलेच नाही. फक्त ते गाळाऐवजी साबण आणि मैला घेऊन जाते, पावसाळ्यात लोंढ्याने जाण्याऐवजी बारमाही गटारातून जाते, आणि नदीच्या मुखाऐवजी भलत्याच जागी जाते. उल्हासमध्येही वाटेवरच्या शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी मिसळते. तेव्हा खरा प्रश्न 'पाणी समुद्राला जाऊ द्यायचे की नाही' हा नाही. 'कोणत्या वेळी, किती आणि कोणत्या अवस्थेत जाऊ द्यायचे' हा आहे.

आता एक गणित करा. एक हेक्टर जमीन आणि वर्षाचा २५०० मिलिमीटर पाऊस धरा. १०,००० चौरस मीटर गुणिले अडीच मीटर, म्हणजे २५,००० घनमीटर. अर्थात अडीच कोटी लिटर पाणी. ते चार महिन्यांत पडते आणि आपल्या कातळावरून पाहता पाहता वाहून जाते. यातला थोडासा भाग जमिनीत मुरवला तरी पाड्याची विहीर मार्चमध्ये आटणार नाही. शेताचे बांध नीट राखणे, डोंगरउतारावर झाडे ठेवणे, पावसाळा संपताच ओढ्यावर पोत्यांचा वनराई बंधारा घालणे ही कामे आपल्याकडे लोकांनी केलेली आहेत. त्यांतून मुरलेले पाणी झऱ्यांवाटे हळूहळू नदीत येते आणि जानेवारीतही नदी वाहती राहते. ती वाहती राहिली तर पाड्यालाही पाणी मिळते आणि खाडीलाही.

म्हणून माझे म्हणणे असे की, डोंगरातला तहानलेला आणि खाडीवरचा कोळी हे एकमेकांचे वैरी नाहीत. दोघांचीही बाजू एकच आहे: नदी जिवंत राहिली पाहिजे. काळू नदीवर मोठे धरण बांधण्याची योजना गेली अनेक वर्षे चर्चेत आहे. धरण हवे की नको, यावर मोठी माणसे वाद घालोत. पण त्या हिशेबात बुडणाऱ्या गावांबरोबर आणि पाणी मागणाऱ्या शहरांबरोबर खालच्या खाडीचेही एक खाते असले पाहिजे. पूर्वी ते खाते कोणी उघडलेच नाही, कारण 'समुद्राला गेलेले वाया' असे आपण सर्वांनी मनाशी धरले होते.

तुमच्या वहीचे मोल

या कामात शाळकरी मुलांनी काय करायचे? घोषणा देऊ नका, नोंद ठेवा.

अपोलो बंदरावर ज्या कर्मचाऱ्यांनी रोज पातळी टिपली, त्यांना शंभर वर्षांनी आपल्या आकड्यांतून काय निघणार आहे हे ठाऊक नव्हते. त्यांनी फक्त नेमाने नोंद केली. तुमच्या शाळेजवळच्या ओढ्याची किंवा नदीची अशी वही आहे काय? नसेल तर करा. सपाट बुडाची, सरळ अंगाची बाटली कापून पर्जन्यमापक करा आणि रोज ठरलेल्या वेळी त्यातले पाणी पट्टीने मोजा. पुलाच्या खांबावर मोठ्या माणसांकडून खुणा करून घ्या आणि पुलावरूनच पाण्याची उंची वाचा. पुरात कोणीही नदीकाठी उतरायचे नाही. आठवड्यातून एकदा, सुरक्षित जागी, एक लिटर पाणी घेऊन गाळून घ्या, गाळ वाळवा आणि शाळेच्या तराजूत तोला. वळगणीचे मासे कोणत्या तारखेला चढले, ओढा कोणत्या तारखेला आटला, हे लिहा. घरच्या आजोबांना विचारा, पूर्वी कोणते मासे मिळत आणि आता कोणते मिळत नाहीत. पाच वर्षे हे न चुकता केले, तर ती वही कोणाही शास्त्रज्ञाने मागून घ्यावी अशी होईल. उपग्रहाला ढगाखालचा तुमचा ओढा दिसत नाही, तुम्हाला दिसतो.

आणखी एक सुचवतो. खाडीकाठच्या एखाद्या शाळेशी पत्रव्यवहार सुरू करा. तुम्ही पावसाचे आकडे पाठवा. त्यांनी भरतीची उंची आणि जाळ्यात आलेल्या मासळीची नावे पाठवावीत. भांग आणि उधाण हे शब्द तुम्ही त्यांच्याकडून शिका. वळगण हा शब्द त्यांना शिकवा. वर मोठा पाऊस झाल्यावर किती दिवसांनी खाडीचे पाणी गढूळ होते, हे दोन्ही वह्या शेजारी ठेवल्यावरच कळेल.

मोठ्यांकडेही एक मागणी आहे. समुद्रविज्ञानाच्या संस्थांनी आपले निष्कर्ष सोप्या मराठीत, कोळीवाड्यात आणि आपल्यासारख्या डोंगरातल्या शाळांतही पाठवावेत. कोळ्याने पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले, शेतकऱ्याने ओढ्याकाठी पाहिलेले, हेही त्यांनी टिपून घ्यावे. जे ज्ञान ज्याच्यासाठी मिळवले, त्याच्यापर्यंत पोहोचले नाही, तर तेच खरोखर वाया गेले म्हणायचे. समुद्रशास्त्रज्ञ होण्यासाठी समुद्रकाठी जन्मावे लागत नाही. मुरबाडची एखादी मुलगी उद्या खाडीच्या पाण्याची क्षारता मोजू लागली, तर तिला एक मोठा फायदा असेल: ते पाणी कोठून येते, हे तिने लहानपणापासून पाहिलेले असेल.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी कोणी म्हणाले की, "सगळे पाणी समुद्राला जाऊन वाया जाते", तर त्यांना नम्रपणे विचारा, "काका, वाया म्हणजे कोणाच्या हिशेबाने?" आणि वही पुढे करा.